तत्त्वज्ञानाच्या किती खेपा?

त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर त्यांच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागलं असतं. अख्खी गल्ली त्यांना अंदाजे म्हणायची. धंदा घरं हलवण्याचा. म्हणजे तुम्ही एका घरातून दुसऱ्या घरात राहायला निघालात, की तुमची कपाटं, खाटा, भांडीकुंडी, आरसे, सगळा संसार टेम्पोत भरायचा आणि नव्या घरात नेऊन मांडून द्यायचा. असं काम करणारे पुष्कळ असतात हो. पण अंदाजे दारात उभे राहायचे, चपलासुद्धा काढायचे नाहीत, एकदा डावीकडे बघायचे, एकदा उजवीकडे, आणि म्हणायचे, "दोन खेपा, चार गडी, दुपारच्या जेवणाआधी मोकळे." आणि तसंच व्हायचं. एकदा सांगितलेला आकडा वाढवायचा नाही आणि कमीही करायचा नाही, हा त्यांचा बाणा. गिऱ्हाइकानं माळ्यावर लपवलेला जुना पाळणा ऐनवेळी बाहेर काढला, तरी ते दातओठ खात तो त्याच पैशांत न्यायचे. आणि कुणी घासाघीस केलीच तर म्हणायचे, "भाजी घ्यायला आलात का?"

धंद्यात हा गुण ठीक आहे. पण माणूस घरी आला म्हणून गुण काही दाराबाहेर थांबत नाही. कुणाकडे चहाला गेले, की यजमान तब्येत विचारतायत आणि ह्यांचे डोळे त्यांच्या कपाटावर. "हे ह्या दारातून निघायचं नाही. पाय कापावे लागतील." बायको टेबलाखालून चिमटे काढून दमली. एकदा आजारी नातेवाइकाला भेटायला गेले, पलंगाकडे नीट निरखून बघितलं आणि मान हलवत म्हणाले, "दोन गडी पुरतील." बोलले ते पलंगाबद्दल. पण त्या घरानं पुढे बरेच दिवस ह्यांना दारात उभं केलं नाही.

जगात त्यांना एकाच गोष्टीची चीड होती. पुस्तकं. फ्रिज जड असतो, पण निदान जड दिसतो तरी. पुस्तकांचं खोकं दिसायला अगदी गरीब गाय, आणि उचलायला जावं तर कंबरेत अशी कळ, की डोळ्यांपुढे काजवे! "लोखंड परवडलं, पण शिकलेला माणूस नको," असं ते उघड म्हणायचे. एका वकिलाच्या घरच्या अशाच खोक्यानं त्यांची कंबर धरली होती, ती सुटलीच नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की आता ओझं उचलणं बंद, नाहीतर एक दिवस गड्यांना तुम्हालाच उचलावं लागेल. म्हणून दुसरा टेम्पो घ्यायचा ठरला होता. दोन टेम्पो झाले की दुप्पट कामं, जास्तीचे गडी, आणि अंदाज्यांनी फक्त हात पाठीमागे बांधून ओरडायचं. ओरडण्यात ते तरबेज होतेच. पैसे साठले होते, रंगसुद्धा पसंत झाला होता. डॉक्टरांचं बोलणं मात्र लेकीला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी बायकोला बजावून ठेवलं होतं. पोरीला वाटायचं, बाबांना धंदा वाढवायचाय.

आणि नेमक्या त्याच दिवसांत लेक जेवताना म्हणाली, "बाबा, मला बी.ए. करायचंय. तत्त्वज्ञान घेऊन."

"घेऊन?" अंदाज्यांचा घास हातातच राहिला. "घेऊन जायचं कुठे?"

"त्यात शिकवतात तरी काय गं?" आईनं विचारलं.

"विचार कसा करायचा ते शिकवतात."

"त्याला फी पडते? मी तुझ्या बाबांबरोबर संसार केला, फुकटात विचार करून करून डोकं दुखायला लागलंय."

आता खरी अडचण अशी, की पोरीला मार्क चांगले होते. अंदाज्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं, एका हिशेबनिसानं, आपणहून सांगितलं होतं, की तिला कॉमर्सला घाला, पहिल्या वर्षापासून माझ्याकडे अर्धा दिवस बसू दे, पगार देतो. कॉमर्सची फी त्या पगारातच निघाली असती. तत्त्वज्ञानाचं कॉलेज दूर, फी जास्त, आणि जाण्यायेण्यातच दिवस जाणार. म्हणजे सरळ हिशेब होता: एक तर टेम्पो, नाहीतर तत्त्वज्ञान. दोन्ही एका वेळी दारात उभं राहणार नव्हतं.

"मग नाही म्हणताय का, बाबा?"

"मी नाही म्हणालो का?" अंदाजे उखडले. "मी माल बघितल्याशिवाय अंदाज देत नाही. फोनवर तर नाहीच नाही. आधी बघून येतो, मग सांगतो."

"काय बघून येताय?"

"ज्यांनी ज्यांनी हे तत्त्वज्ञान घेतलंय, त्यांची घरं!"

त्यांच्या मते ह्यात चुकण्यासारखं काही नव्हतंच. माणूस किती कमावतो हे तो तोंडानं कधी खरं सांगत नाही, पण त्याचं सामान खोटं बोलत नाही. ज्याचं सामान दोन खेपांचं, त्याची कमाई दोन खेपांची. फी भरायची मुदत महिनाअखेरीची होती, म्हणून ते दुसऱ्याच दिवशी निघाले.

पहिला नंबर लागला कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याचा. तो तत्त्वज्ञानाचा पदवीधर आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण इस्त्रीच्या टेबलामागे त्यानं पदवी चौकटीत लावली होती. वाफेनं तिची निम्मी अक्षरं उडाली होती, पण चौकट चांगली होती. राहायला तो दुकानाच्या वरच. अंदाजे जिना चढून वर गेले आणि दारातच हरखले. तीन दारांचं कपाट, कोपऱ्यात वळणारा सोफा, भिंतभर टीव्ही, आणि घरच्या वापराला वेगळं वॉशिंग मशीन! "दोन खेपा," ते मनात म्हणाले, "आणि एक नग जुना नाही!" त्या घटकेला त्यांनी लेकीला मनातल्या मनात कॉलेजात नेऊन बसवलंसुद्धा.

"हे सगळं त्या पदवीवर?" त्यांनी विचारलं.

"छे हो! सासऱ्यांवर," लाँड्रीवाला म्हणाला. "धंदा त्यांचा. मी नुसता बसतो."

"मग पदवीचा उपयोग शून्य?"

"शून्य कसा? परवा एक जण आला, माझा शर्ट हरवलात म्हणून नुसता थयथयाट. मी शांतपणे म्हटलं, साहेब, तो शर्ट तुमचाच होता हे तुम्ही कशावरून म्हणता? आणि समजा सापडला, तरी इतक्यांदा धुतल्यावर तो तोच शर्ट उरला असेल का? विचार करत करत गेला बिचारा. अजून फिरकला नाही."

"आणि शर्ट?"

"शर्ट आम्ही हरवलाच होता."

अंदाजे डोकं खाजवत खाली उतरले. उतरताना लाँड्रीवाल्यानं त्याला शिकवणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. बाई आता निवृत्त होत्या. उभा जन्म त्यांनी हा एकच विषय शिकवला होता. म्हणजे अस्सल माल तिथे बघायला मिळणार, असं समजून अंदाजे त्यांच्याकडे गेले.

बाईंनी दार उघडलं आणि अंदाज्यांनी सवयीनं एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. खोलीत एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. बास. बाकी चारही भिंतींना खालपासून वरपर्यंत पुस्तकं. सामान अर्धी खेप आणि पुस्तकं तीन! त्यांच्या कंबरेनं आतल्या आत आरोळी ठोकली. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः खाटेवर बसल्या, कारण बसायला तिसरी जागाच नव्हती.

"बोला, काय काम काढलंत?"

आता अशा परिस्थितीतल्या माणसाला कमाई कुठल्या तोंडानं विचारायची? "घर हलवायचं असलं तर... म्हणून आलो होतो," अंदाजे पुटपुटले.

"मी कुठे जाणार आता? चांगलं चाललंय माझं."

"जेवणबिवण होतं ना वेळेवर?"

"होतं की," बाई म्हणाल्या आणि त्यांच्याकडे जरा निरखून बघू लागल्या.

घरी येऊन अंदाजे मटकन खालीच बसले. "एवढी शिकलेली बाई, आणि घरात एक खुर्ची गं, एक खुर्ची! पाहुणा आला तर खाटेवर बसते." बायकोनंही पदर डोळ्यांना लावला.

"पण बाबा, तुम्ही त्यांना विचारलंत का काही?" लेक म्हणाली.

"विचारायचंय काय त्यात? मी माल बघितला ना!"

आता ह्या धंद्यात एक गंमत असते. नव्या घरात मावलं नाही म्हणून, किंवा नवऱ्याला आवडत होतं आणि बायकोला नव्हतं म्हणून, लोक काही ना काही सामान टेम्पोवाल्याच्याच गळ्यात टाकून जातात. अंदाज्यांच्या शेडमध्ये असा एक लाल सोफा पडून होता. दिसायला भरभक्कम, पण मधल्या स्प्रिंगा गेलेल्या, त्यामुळे मधोमध बसलेला माणूस खाली खाली जात दोन्ही बाजूंच्या गाद्यांत मिटला जायचा. कडेला बसलं तर मात्र काही त्रास नव्हता. अंदाज्यांना रात्रभर बाईंची ती खुर्ची दिसत राहिली, आणि सकाळी त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "दोन गडी घे आणि हा सोफा बाईंकडे टाकून ये. कुणी पाठवला ते सांगू नकोस. स्वाभिमानी बाई आहे, तिला वाईट वाटेल."

ड्रायव्हर इमानी माणूस, शब्द बोलला नाही. बाई घरी नव्हत्या, म्हणून सोफा दाराला टेकवून परत आला. फक्त टेम्पोच्या दोन्ही अंगांना हातभर अक्षरांत अंदाज्यांचं नाव आणि फोन नंबर रंगवलेला होता, आणि तो समोरच्या बिऱ्हाडानं नीट वाचून ठेवला होता.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी फोन आला, टेम्पो पाठवा म्हणून. टेम्पो परत आला तेव्हा मागे सोफा आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बाई बसलेल्या. त्या खाली उतरल्या, सोफा घरात घ्यायला लावला, आणि खुर्चीवर बसत म्हणाल्या, "हा का पाठवलात ते आधी सांगा."

जे होतं ते अंदाज्यांनी भडाभडा सांगून टाकलं.

बाई इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. "अहो, माझ्याकडे सोफा होता! घालवताना नाकीनऊ आले मला. लोक यायचे, बसायचे ते उठायचेच नाहीत. आता एक खुर्ची आहे, लोक लवकर घरी जातात आणि मी वाचत पडते. पेन्शन येतं मला चांगलं. शिवाय खालचे दोन मजले माझेच आहेत, ते भाड्यानं दिलेत."

दोन मजले! अंदाज्यांचा चेहरा पडला. उभ्या आयुष्यात त्यांचा अंदाज असा तोंडावर आपटला नव्हता. पण लगेच त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "म्हणजे कमाई आहे तर ह्यात!"

"माझी गोष्ट सोडा," बाई म्हणाल्या. "माझ्या वेळी नोकऱ्या होत्या, आणि घर आईवडलांचं. माझ्या विद्यार्थ्यांचं विचाराल तर एक लाँड्रीत बसतो, तो तुम्ही बघितलात. एक जण वर्तमानपत्रात आहे, त्याला पगार कधी मिळतो ते त्यालाच माहीत. दोघं-तिघं चांगले कमावतात, पण ते कुठेही गेले असते तरी कमावलंच असतं त्यांनी. खोटं कशाला सांगू? पैशात बघाल तर बहुतेकांना तोटाच."

माळ्यावर काही लपवून न ठेवणारं गिऱ्हाईक अंदाज्यांना फार दिवसांनी भेटलं होतं. त्यांनी बाईंना आदरानं चहा दिला. चहा पिऊन बाई लेकीशी दारात थोडं बोलल्या, आणि ड्रायव्हर त्यांना घरी सोडायला गेला. सोफा तेवढा राहिला. अर्धी खोली अडली होती, म्हणून अंदाजे विचारांच्या तंद्रीत त्याच्याच मधोमध बसले.

लेक समोर येऊन उभी राहिली. "बाबा, उद्या शेवटचा दिवस आहे. आता अंदाज द्या."

अंदाज्यांनी घसा साफ केला. गिऱ्हाइकाशी बोलतात तसंच ते बोलले, कारण दुसरं त्यांना येत नव्हतं. "खर्च म्हणशील तर फी, पुस्तकं, जाणंयेणं, आणि हिशेबनिसाकडचा पगार बुडणार तो. सगळं मिळून जवळजवळ एक टेम्पो. कमाई म्हणशील तर नक्की अशी काहीच नाही. लाँड्रीवाला सासरा भेटला तर गोष्ट वेगळी. म्हणजे तोटा. चांगला घसघशीत."

लेक म्हणाली, "बरं. मग मी कॉमर्सला नाव घालते." आणि कपबश्या उचलून आत गेली. रडली नाही, रुसली नाही, कपसुद्धा आपटला नाही.

हे "बरं" अंदाज्यांच्या चांगलं ओळखीचं होतं. ज्याच्या खिशात पैसे असतात तो आकडा ऐकला की भांडतो, हमरीतुमरीवर येतो, शेवटी देतो. पण एखादं म्हातारं जोडपं असतं, ओल आलेल्या खोलीत राहणारं, त्यांना मुलीच्या जवळ जायचं असतं. ते आकडा ऐकतात, हळूच म्हणतात, "बरं, मग राहू दे," आणि दार लावून घेतात. अशी दारं अंदाज्यांनी पाहिली होती. धंदा आहे, असं म्हणून ते दर वेळी पायऱ्या उतरले होते, आणि दर वेळी पुढचे दोन दिवस त्यांना जेवण गेलं नव्हतं. आज ते दार त्यांच्याच घरात लागलं होतं.

"अगं ए!" ते ओरडले. "अगं थांब! घासाघीस तरी कर की!"

आतून आवाज आला, "तुम्ही आकडा कमी करत नाही ना, बाबा."

"ते गिऱ्हाइकांना! तू काय गिऱ्हाईक आहेस?" असं म्हणत ते ताडकन उठायला गेले, आणि सोफ्यानं त्यांना गिळलं. गुडघे हनुवटीला लागले, दोन्ही गाद्या दोन्ही कानांशी आल्या, आणि कंबरेत अशी सणक गेली की "आई गं!" ही हाक गल्लीच्या टोकापर्यंत पोचली.

मायलेकी धावत आल्या. एकीनं एक हात धरला, दुसरीनं दुसरा, आणि फ्रिज काढावा तसं त्यांना हलवत हलवत बाहेर काढलं. ते उभे राहिले, पण सरळ होईनात. बायकोचा धीर सुटला.

"डॉक्टरांनी बजावलंय ना तुम्हाला! आणखी एक ओझं उचललंत तर कायमचे झोपाल म्हणून! त्यासाठीच टेम्पो घ्यायचा होता ना आपल्याला?" आणि मग तिनं जीभ चावली.

लेक पांढरी पडली. "टेम्पो बाबांच्या कंबरेसाठी होता? आणि मला कुणी सांगितलं नाही? मग तर विषयच संपला. मी कॉमर्सलाच जाणार."

"विषय मी संपवीन!" अंदाजे वाकल्या वाकल्या गरजले. "जरा ऐक माझं. इतकी वर्षं मी लोकांना आकडे सांगतोय. घर हलवून कुणाला कधी फायदा झालाय? एकानं तरी विचारलं मला, की अंदाजे, ह्यात मला सुटणार किती म्हणून? सगळा खर्चच असतो तो. माणसाला तिकडे जायचं असतं, म्हणून तो जातो. मी गाढव, दारोदार लोकांची कपाटं मोजत हिंडलो. तुला जायचंय का नाही, एवढंच बोल."

"जायचंय," लेक म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू फुटलं. "खूप जायचंय, बाबा."

"मग रडतेस काय? भांड माझ्याशी!"

आणि मग त्या घरात जी घासाघीस झाली तशी कुठल्या बाजारात झाली नसेल. बायकोनं पहिलीच अट घातली, की उशीपेक्षा जड काही उचलायचं नाही, आणि उचलताना दिसलात तर मी माहेरी. ड्रायव्हरला मुकादम करायचं, दोन गडी जास्तीचे घ्यायचे, त्यांची मजुरी नफ्यातून जाणार. लेक म्हणाली, सुट्टीच्या दिवशी घरं बघायला मी जाते आणि खोकीही भरते. "तू भरशील कसली," अंदाजे म्हणाले, "पुस्तकांचं घर मिळालं की तिथेच वाचत बसशील, गिऱ्हाईक उभं राहील." फोन घ्यायचं काम बायकोनं पत्करलं, कारण तिच्याशी घासाघीस करायची कुणाची छाती नव्हती. सोफा भंगारात जाणार हे एकमतानं ठरलं. एवढं करून तोटा उरलाच. दुसरा टेम्पो कधी येईल ते कुणालाच सांगता येईना, आणि अंदाज्यांनीही त्याचा अंदाज दिला नाही.

सकाळी बापलेक कॉलेजच्या खिडकीपाशी उभे राहिले. कारकून सज्जन होता. त्यानं अर्ज वाचला, अंदाज्यांचा वाकलेला देह बघितला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, रागावू नका, पण विषय नीट बघितलात ना? ह्यात पुढे काही कमाई नाही. शेजारच्या खिडकीवर कॉमर्स आहे, अजून जागा आहेत."

"मी तुम्हाला कमाई विचारली का?" अंदाजे म्हणाले.

"नाही, पण आपलं..."

"पोरीला जायचंय. पावती फाडा."

हे त्यांनी एवढ्या मोठ्यानं सांगितलं, की शेजारच्या रांगेतली माणसंही वळून बघायला लागली. कारकुनानं मुकाट्यानं पैसे मोजले आणि पावती फाडली. लेकीनं ती घेतली, घडी केली, आणि दोघं जिन्यापाशी आले. तिथे अंदाजे थांबले. जिना उतरायचा होता आणि कंबर काही ऐकत नव्हती. आजवर त्यांनी आपणहून कुणाचा आधार घेतला नव्हता. आता त्यांनी एक हात कठड्यावर ठेवला आणि दुसरा लेकीच्या खांद्यावर.

"खरं सांगू का," ते हळूच म्हणाले, "मला जाम भीती वाटतेय गं."

"मलापण, बाबा."

"हं," अंदाजे म्हणाले. "मग सावकाश उतरू." आणि दोघं एकेक पायरी करत उतरू लागले.